पेवातला बेस

मी संध्याकाळी कामावरून परत आलो तेव्हा माझ्या खोलीला दार नव्हतं. चौकट होती, आणि सकाळी मी स्वतः लावलेलं कुलूप कडीसकट त्या चौकटीला लोंबत होतं. दार तेवढं गेलं होतं. घरमालक अंगणात उकिडवे बसून त्या दाराला जेवणाच्या ताटाएवढं गोल भोक पाडत होते.

"साहेब, सागवान हाय," मान वर न करता ते म्हणाले. "असलं लाकूड दाराला लावून वाया घालवलंय बघा कुनीतरी."

"आणि मी झोपू कसा?"

"पडदा लावतो की. वारं बी लागंल तुमाला."

पडदा लावला, हे खरं. तो मावशींच्या, म्हणजे घरमालकिणीच्या, जुन्या लुगड्याचा होता आणि पुढचे कित्येक महिने मी त्याच्याआड संसार केला. वारं मात्र लागलं नाही. त्या उन्हाळ्यात नळदुर्गात वाऱ्याचाही दुष्काळ होता.

ऐंशी साल उलटून गेल्यानंतरच्या दुष्काळातली ही गोष्ट. मी चोवीस वर्षांचा, तुळजापूरचा, पूजाअर्चा आणि कारकुनी या दोन आधारांवर चाललेल्या घरातला. नळदुर्गाजवळच्या एका उपसा सिंचन सहकारी संस्थेत सचिव म्हणून लागलो होतो. नदीतलं पाणी मोटरीनं उपसून वरच्या शेतांना द्यायचं, हे संस्थेचं काम. आता नदीतच पाणी नव्हतं. संस्था होती, चेअरमन होते, मोटर होती, मी होतो आणि मोटर चालवायला मिस्त्री होते. तेच माझे घरमालक. सगळं गाव त्यांना मिस्त्री म्हणायचं, त्यांच्या बायकोसकट. मिस्त्री बौद्ध. माझ्या घरी हे कळल्यावर आईचं पत्र आलं. त्यात खोलीबद्दल एक शब्द नव्हता आणि पाण्याच्या भांड्याबद्दल चार ओळी होत्या. मी उलट टपाली कळवलं की इथं पाणीच नाही, तेव्हा काळजी नसावी. आज ते उत्तर मला तितकंसं विनोदी वाटत नाही. सरळ लिहायला हवं होतं.

मिस्त्री रोज सकाळी आठाला पंपघरात जायचे. मोटरीवरची धूळ पुसायची, तेल द्यायचं, चक्र हातानं फिरवून बघायचं आणि नोंदवहीत लिहायचं, 'मोटर सुस्थितीत. पाणी नाही.' दीड वर्ष रोज हेच वाक्य, खाली सही. मी एकदा म्हटलं, "मिस्त्री, 'वरीलप्रमाणे' लिहिलं तरी चालेल."

"न्हाय साहेब," ते म्हणाले. "वरल्या ओळीतली मोटर कालची हाय. आजची बघूनच लिवाय पायजे."

जळालेल्या मोटरीतली तार काढून नवी तार गुंडाळायची, याला मोटर भरणं म्हणतात. त्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. पण पाणीच नाही म्हटल्यावर मोटरी जळणार कशा? रिकामा हात, घरात उरलेली तांब्याची तार आणि मिस्त्रींचं डोकं, यातून स्पीकरचा नाद लागला. फाटके स्पीकर आणायचे, त्यांची तार भरायची, कागद चिकटवायचा आणि खोक्यात बसवून टेपरेकॉर्डरला जोडायचे.

त्यांचा पहिला खोका सोलापुरातल्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं ऐकला आणि म्हणाला, "आवाज खणखणीत आहे, पण बेस नाही." मिस्त्रींना राग आला. आपल्याकडे बेस म्हणजे चांगलं. तब्येत बेस, पीक बेस, सोयरीक बेस. आवाज खणखणीत म्हणायचं आणि त्याच तोंडानं बेस नाही म्हणायचं, ही कुठली बोलायची रीत? ते खोका खांद्यावर टाकून तडक एसटी स्टँडवर आले आणि नळदुर्ग येईपर्यंत शेजाऱ्याशी बोलले नाहीत. पुढे मी त्यांना समजावलं की हा बेस इंग्रजीतला, जाड, खालच्या आवाजाला तसं म्हणतात, आपल्या बेसशी त्याचं काही नातं नाही. मिस्त्रींनी बराच विचार केला.

"म्हंजे इंग्रजाला बी कळलं व्हतं," ते म्हणाले.

"काय?"

"की बेस असतंय ते खालीच असतंय."

हे दोन शब्द वेगळे आहेत हे त्यांनी शेवटपर्यंत मान्य केलं नाही. येईल त्याला ते खोका ऐकवायचे आणि विचारायचे, "बेस कसा हाय?" ऐकणारा बिचारा म्हणायचा, "बेस हाय की." मिस्त्री ते जाणकाराचं मत म्हणून मनाशी टिपून ठेवायचे. चेअरमन एकदा मोटर बघायला आले, चहा प्यायले, खोका ऐकला आणि जाताना चपला घालता घालता नुसतंच "बेस, बेस" म्हणाले. त्यानंतर चार दिवस मिस्त्री मला सांगत होते, "चेअरमनला लई कळतंय, साहेब. आपुन उगं नावं ठेवतो."

पण स्वतःच्या कानाला ते फसवू शकत नव्हते. बेस येत नव्हता. त्यांनी त्याचं कारण शोधून काढलं होतं, आणि पुढे मला एका इंजिनिअरनं सांगितलं की ते बरोबर होतं. स्पीकरचा कागद पुढे आला की आवाज पुढे जातो, मागे गेला की मागे. हे दोन्ही आवाज कडेनं वळून एकमेकांना भेटले की मारामारी होते आणि त्यात जाड आवाज मरतो. तेव्हा मागचा आवाज पक्का कोंडला पाहिजे. "एका बांधावरचे भाऊ हायेत, साहेब," ते म्हणायचे. "मधी भिंत घातल्याबिगर सुख न्हाय."

माझ्या दाराला भोक पडलं ते या भिंतीसाठी. दाराभोवती फळ्यांचा खोका झाला, पण तो खुळखुळायला लागला. मिस्त्रींनी फटींत मेण भरलं, आतून दांडके ठोकले. मग त्यांच्या लक्षात आलं की कोंडलेला आवाज आतल्या आत आपटतोय, त्याला टेकायला मऊ काहीतरी हवं. त्या आठवड्यात मला झोप लागेना. आधी मला वाटलं खानावळीच्या जेवणानं आपली हाडं वर आली आहेत. मग गादी उसवून बघितली तर आतला कापूस निम्मा झाला होता. मी खवळून अंगणात गेलो. मिस्त्री खोक्याला कान लावून बसले होते आणि त्यांचा चेहरा इतका सुखी होता की मी कापसाऐवजी चहाबद्दल बोलून परत आलो.

मग रांजणाची पाळी आली. पाण्याचा रांजण रिकामाच होता, त्याच्या तोंडावर स्पीकर बसला. पण गाणं कुठलंही लावा, रांजण एकाच सुरात हुंकार द्यायचा. मिस्त्रींनी तो खाली उतरवला. "एकाच सुराला जेवाय घालतोय," ते म्हणाले, "बाकीचे उपाशी."

मावशी टँकरच्या रांगेतून अर्धी घागर घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "रांजणात पानी न्हाय म्हनून म्या रडतेय, अन् ह्यांला त्यात सूर न्हाय म्हनून रडू येतंय. काय बाई घर हाय."

हा सगळा खटाटोप कशासाठी, हे मला कितीतरी दिवस माहीत नव्हतं. मला वाटलं, रिकामटेकड्या माणसाचा छंद. संस्थेत मीही टाचण्या रंगाप्रमाणे लावत बसायचो. एका दुपारी पंपघरात बसलो असताना मिस्त्री आपणहून बोलले.

त्यांचे वडील आबा, ऐंशीच्या घरातले, ओसरीवर बाजेवर पडून असायचे. ऐकायला येत नव्हतं. कानाशी ओरडलं तरी नुसतं बघायचे. पण हमरस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की आपोआप म्हणायचे, "गेला." समोरच्या धाब्यावर दिवसभर भोंगा किंचाळत असायचा, त्याचा त्यांना पत्ता नसायचा.

"बारीक आवाजाचं दार बंद झालंय," मिस्त्री म्हणाले. "जाडाचं अजून किलकिलं हाय."

माकणीच्या अलीकडे त्यांचं मूळ गाव. आबा त्या गावचा ढोल वाजवायचे. हौस म्हणून नव्हे; ते त्यांच्याकडं लावून दिलेलं काम होतं. लग्न, मयत, पाटलाच्या दारचा सण, बोलावलं की जायचं, नाही म्हणायची सोय नव्हती. ढोल गावाचा, तो चावडीत टांगलेला असायचा. वाजवायची काठी तेवढी आबांची. छप्पन साली धर्मांतर झालं. आबांनी एके दिवशी ती काठी चावडीच्या पायरीवर नेऊन ठेवली, घर मोडलं आणि नळदुर्गाला रस्त्याच्या कामावर आले. मिस्त्री तेव्हा येडशीला मामाकडे होते. त्यांनी हे बघितलं नाही. आणि त्यानंतर आबा ढोलाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. जयंतीच्या मिरवणुकीत ते निळा झेंडा घेऊन पुढे चालायचे, पोरं मागे ढोल बडवायची, पण आबा मागे वळून बघायचे नाहीत.

"आबाचा हात लई बेस व्हता म्हनतात," मिस्त्री म्हणाले. "गावाची सक्ती सोडली, चांगलं केलं. पर हात तर त्येंचाच व्हता न्हवं? सक्तीबरूबर हात बी टाकून द्यावा लागला. मनात राहिलं असंल, साहेब."

"विचारा की त्यांना."

"ऐकू येत व्हतं तवा इचारायचं धाडस न्हवतं. आता धाडस हाय तर ऐकू येत न्हाय."

थोडा वेळ त्यांनी मोटर पुसली. पुसलेलीच होती.

"एक ध्यानात हाय माझ्या. म्या बारका, घरात आईजवळ बसलेला, अन् लांबनं ठोके यायचे. धम्, धम्, अन् जरा थांबून धम्. आई म्हनायची, 'गेला बघ तुझा बाप.' ती आबाची वाजवायची रीत हाय. तेवढी एकदा त्येंला ऐकवायची. कुनी बोलावलं न्हाय, कुनाच्या दारात जायचं न्हाय, आपल्या अंगनात, आपल्या बाजंवर बसून. मंग ते गेले तरी चालतंय."

मी त्यांची थट्टा करायच्या बेतानं तोंड उघडलं होतं, ते मिटलं. दाराचा राग त्या दुपारी गेला. घरी येऊन मी गादीतला उरलेला कापूसही देऊ केला, पण त्यांना तो नको होता. कापसानं काम भागणार नाही असं त्यांचं मत झालं होतं.

शेवटी बेस सापडला तो मावशींच्या संतापामुळे. खोक्याला पाय अडखळून त्यांच्या हातातलं पाणी सांडलं. त्या दिवसांत पाणी सांडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. त्या म्हणाल्या, "घाला हे डबडं त्या पेवात."

मिस्त्री हातातला पेचकस तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिले. "काय म्हनलीस?"

अंगणाच्या कोपऱ्यात एक जुनं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीखालचं ज्वारीचं कोठार. वरून तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं आणि आत पोट खोलीएवढं, मुरुमात कोरलेलं. ज्वारी पिकली नव्हती, म्हणून ते दोन वर्षं रिकामं पडून होतं. याहून पक्की, न खुळखुळणारी, मागचा आवाज गिळून बसणारी जागा साऱ्या जिल्ह्यात सापडली नसती. बंद पेवातल्या हवेनं माणूस मरतो, म्हणून मिस्त्रींनी तीन दिवस तोंड उघडं ठेवलं, मग दोरीनं कंदील आत सोडला आणि तो विझत नाही हे बघून स्वतः उतरून सगळं झाडून काढलं. खोका मोडून माझं दार परत सुटं केलं, ते पेवाच्या तोंडावर आडवं घातलं, कडा ओल्या मातीनं लिंपल्या आणि दाराच्या भोकात स्पीकर बसवला.

पहिल्यांदा टेप लावला तेव्हा आवाज मला कानांनी ऐकू आला नाही, तळपायांनी आला. ओसरीवरची पितळी ताटली आपली आपण सरकली. शेजारचे गृहस्थ बाहेर येऊन विचारायला लागले, विहिरीला सुरुंग लावला काय. मिस्त्रींनी कुणाला "बेस कसा हाय" म्हणून विचारलं नाही. ते पेवाच्या कडेला मांडी घालून बसले आणि हात जमिनीवर ठेवून डोळे मिटले.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. मावशींनी स्वतः उभं राहून पेव ज्वारीनं भरून घेतलं आणि माझं दार, मधल्या गोल भोकासह, मला परत मिळालं. नोंदवहीत एका सकाळी 'मोटर सुस्थितीत. पाणी आहे.' असं वाक्य आलं. मिस्त्रींनी नंतर लाकडाचे मोठे खोके केले, जयंतीच्या मिरवणुकीत ट्रकवर चढवले, आणि लांबलांबचे लोक त्यांना बेसवाले मिस्त्री म्हणून शोधत यायला लागले. हे सगळं झालं. पण मिस्त्री म्हटलं की मला आठवते ती पेवावर दार बसवल्यानंतरची पहिली रविवारची सकाळ.

मिस्त्री अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. आम्ही दोघांनी आबांची बाज उचलून पेवाजवळ ठेवली. आबा पांघरुणात पडून आभाळाकडे बघत होते. एका रिकाम्या खोक्यात टेपरेकॉर्डरला जोडलेला माईक ठेवला होता. खोक्यावर तळहात मारला की पेवातून ढोल घुमायचा, हे मिस्त्रींनी आदल्या दिवशी ताडून बघितलं होतं.

"आदी च्या पाजा त्येंला," मावशी म्हणाल्या. "घाबरतील."

"आबा घाबरतेत व्हय," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी तळहात मारला.

धम्. आबांची नजर आभाळावरून खाली आली. धम्. मिस्त्री थांबले, मनातल्या मनात काहीतरी मोजलं. धम्.

आबा उठून बसले. गेले कित्येक महिने त्यांना बसवायला दोन माणसं लागायची, ते आपले आपण उठून बसले. पाय जमिनीला टेकवले आणि उशाशी हातानं पटका चाचपायला लागले. मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "वळखलं, साहेब," ते म्हणाले. "आबानं वळखलं." आणि त्यांनी पुन्हा तेच तीन ठोके दिले.

"आलो न्हाय अजून तर दुसऱ्यांदा वाजवाय लागले," आबा म्हणाले. "चावडीवरनं बोलावनं आलंय."

मिस्त्रींचा हात खोक्यावरच राहिला.

मला समजायला जरा वेळ लागला. ते तीन ठोके आबांचे नव्हतेच. ढोल चावडीत टांगलेला असायचा. आबा हवे असले की चावडीवरचं कुणीतरी त्यावर तीन ठोके मारायचं आणि आबा असतील तसे उठून जायचे. 'गेला बघ तुझा बाप,' असं आई म्हणायची ते यासाठी. लहान पोराला वाटलं, बाप वाजवतोय. चाळीशीपर्यंत मिस्त्रींनी जे बापाचं म्हणून जपलं होतं, ते बापाला आलेलं फर्मान होतं.

"आबा, चावडी न्हाय," मिस्त्री त्यांच्या कानाशी ओरडले. "म्या हाय. म्या वाजवलंय." आबांना ठोके ऐकू आले होते, हे ऐकू आलं नाही. मिस्त्रींनी त्यांना धरून निजवायला बघितलं. आबांनी त्यांचा हात बाजूला केला. पटका सापडला होता, पण तो त्यांनी डोक्याला गुंडाळला नाही. मांडीवर घेऊन बसले.

"जा," ते म्हणाले. एवढा भरदार आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "म्हनावं, येत न्हाय. आमी सोडलंय."

"आबा, कुनी न्हाय वं तिथं."

"जा म्हनतोय न्हवं. न्हायतर परत वाजवतील."

मिस्त्री मावशींकडे बघायला लागले. मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या, "जावा की. सांगून या."

मिस्त्री उठले. फाटक उघडून रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. तिथं कोणी नव्हतं. मला वाटलं, जरा थांबतील आणि परत येतील, म्हाताऱ्याचं समाधान होईल. पण ते बोलले. ओरडून नाही, समोर माणूस उभा असावा तसं, त्याच्या तोंडाकडे बघून बोलावं तसं. "येत न्हाय," ते म्हणाले. "आमी सोडलंय." मग थोडा वेळ उत्तराची वाट बघितल्यासारखे तसेच उभे राहिले.

परत आले तेव्हा इस्त्रीचा सदरा पाठीला चिकटला होता. ते बाजेपुढे खाली बसले.

"सांगितलंस?" आबांनी विचारलं.

मिस्त्रींनी मान हलवली.

"समोर हुबा राहून?"

मिस्त्रींनी पुन्हा मान हलवली. आबांनी वाकून त्यांचा चेहरा नीट बघितला.

"भ्यालास का?"

मिस्त्रींनी होय म्हणून मान हलवली.

"म्या बी," आबा म्हणाले आणि बाजेवर आडवे झाले.